मागच्या सीटवरचा धूर

१

सिगरेटचं थोटूक मागच्या सीटच्या फटीत सापडलं, आणि त्याच्या टोकाला लाल रंग होता.

दोन्या निकासियाने ते चिमट्यात धरून उन्हात उचललं, तेव्हा व्हॅनचा मालक ग्रोवर तिच्या डाव्या हाताला उभा होता आणि त्याची बायको योवाना उजव्या. दोघांनी ते एकदमच पाहिलं. ग्रोवरचा चेहरा पडला. योवाना गप्प राहिली, आणि निकासियाला तेच बरं वाटलं नाही. भांडणाऱ्या बायकोची काळजी नसते. गप्प बसलेली मनातल्या मनात सामान बांधत असते, हे निकासिया स्वतःच्या संसारावरून सांगू शकत होती.

"मी ओढत नाही," ग्रोवर म्हणाला. "दोन वर्षं झाली सोडून. पोराची शपथ."

"पोराला मधे आणू नकोस," योवाना शेवटी बोलली. "आणि लिपस्टिक तू लावत नाहीस, एवढं मलाही माहीत आहे."

उंच डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तो शहरात बाहेरून गाडी धुणारे गल्लोगल्ली आहेत. निकासिया, जिला सगळे मानाने दोन्या म्हणत, आतून धुवायची. सांडलेलं दूध, ओकारी, मासळी, ओलं कुत्रं आणि सिगरेट, असले वास काढण्यात तिने बावीस वर्षं घालवली होती. वास काढायचा तर तो आला कुठून हे आधी हुडकावं लागतं. त्यामुळे ती अर्धी फौजदार झाली होती, आणि स्वभावाने तर पूर्ण.

ही व्हॅन महिन्याभरात तिसऱ्यांदा तिच्या दारात आली होती. ग्रोवर तिच्यातून शाळेची बारा पोरं नेत असे. निकासियाने दोन्ही वेळा सीटा उचकटून सोडा चोळला, छत व्हिनेगरच्या फडक्याने पुसलं, पट्टे गरम पाण्यात भिजवले, कॉफीच्या चोथ्याच्या थाळ्या आत ठेवल्या. गाडी नव्या नवरीसारखी निघाली आणि चार दिवसांत पुन्हा दारूच्या गुत्त्यासारखी नाकात आली. गेल्या बुधवारी तर सकाळच्या थंडीत हीटर लावला तेव्हा सगळा वास उसळून वर आला, आणि अब्रिल नावाच्या सात वर्षांच्या मुलीचा श्वास कोंडला. दोन दिवस ती दवाखान्यात होती.

"शनिवारी दुपारी पालकांची सभा आहे," ग्रोवर म्हणाला. "तोवर कारण सापडलं नाही तर माझा शाळेचा फेरा काढून घेतील."

"तोपर्यंत मी थांबते," योवाना म्हणाली. "शनिवारी तीनची बस आहे. थियागोला घेऊन मी खाली कोचाबांबाला मावशीकडे चालले. ज्या घरात बाप चोरून ओढतो, तिथे दम्याच्या छातीचं पोर मी ठेवणार नाही."

ती निघून गेली. ग्रोवर तिच्या पाठीकडे बघत राहिला.

"खरं सांग," निकासिया म्हणाली. "मला सांगायला काय जातंय? ओढतोस?"

"नाही, दोन्या."

माझा नवरासुद्धा अगदी असंच म्हणायचा, असं निकासियाच्या मनात आलं. तिने व्हॅनचं दार ओढून घेतलं.

२

ओढणाऱ्याची गाडी निकासिया डोळे मिटून ओळखायची. ड्रायव्हरच्या समोरच्या काचेवर पांढरं फडकं फिरवलं की ते चहासारखं तपकिरी होतं. डाव्या खिडकीच्या रबरात राख असते, आणि डोक्यावरचं छताचं कापड पिवळं पडतं.

तिने फडकं फिरवलं. काचेवर धूळ होती, बाकी काही नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावरचं छत स्वच्छ होतं. मग ती गुडघ्यांवर रांगत मागे गेली, आणि शेवटच्या सीटवर उताणी पडून वर पाहिलं. छतावर वीतभर रुंदीचा गोल तपकिरी डाग होता.

ती तशीच पडून विचार करत राहिली. माणूस ओढतो तेव्हा हात हलतो, तो बोलतो, खोकतो, खिडकीकडे वळतो. धूर सगळीकडे जातो. इथे धूर एकाच जागेवरून सरळ वर गेला होता, आणि एकदा नाही, बऱ्याचदा. सीटखाली तिला राखही मिळाली. बोटाएवढी, अख्खी, एकाच तुकड्यात पडलेली. ती कोणी झटकली नव्हती.

तिने ब्लेडने थोटूक उभं चिरलं. ओढलेल्या सिगरेटचा कापूस आतून करपल्यासारखा होतो. हा नव्या उशीतल्यासारखा पांढरा होता.

म्हणजे ही सिगरेट जळली होती, पण तिचा झुरका कोणी घेतला नव्हता.

निकासियाने दाराच्या पत्र्याकडे पाहिलं. कोणती गाडी कधी आली ते ती खडूने तिथे लिहून ठेवायची. ग्रोवरच्या नावापुढे होतं: बुधवार, शनिवार, आणि आज पुन्हा बुधवार. वास प्रत्येक वेळी आदल्या संध्याकाळी आला असणार, मंगळवारी नाहीतर शुक्रवारी.

कुठेतरी पाणी मुरत होतं. कोणीतरी गाडीत सिगरेट पेटवून ठेवत होतं आणि ग्रोवरला गोत्यात आणत होतं.

"संध्याकाळी गाडी कुठे लावतोस?" तिने ग्रोवरला फोनवर विचारलं.

"घरामागच्या आवारात. चावी स्वयंपाकघरात खुंटीला."

"शेजारी कोणाची गाडी?"

"पोमाची," ग्रोवर म्हणाला. "तोच माझ्या फेऱ्यावर डोळा ठेवून आहे."

३

पोमा स्वतःच्या व्हॅनच्या बंपरवर बसून सिगरेट ओढत होता. निकासिया समोर येऊन उभी राहिली तरी त्याने ती विझवली नाही.

"मला ग्रोवरचा फेरा हवाय," तिने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. "लपवत नाही. शाळा जवळ, पैसे वेळेवर, कोणाला नको असेल? पण पुढचं तुम्ही म्हणाल ते खोटं."

"मी काय म्हणणार आहे?"

"की मी त्याच्या गाडीत सिगरेट पेटवून ठेवतो. दोन्या, ही बघा." त्याने पाकीट पुढे केलं, आत तीनच होत्या. "मला त्या ओढायला पुरत नाहीत. दुसऱ्याच्या गाडीत जाळत बसायला मी कोण, खाणमालक?"

निकासियाला हसू आलं, पण तिने ते दाबलं. गोड बोलणाऱ्या माणसाचा तिला दुप्पट संशय यायचा.

"मंगळवारी संध्याकाळी इथेच होतास?"

"होतो. गेल्या शुक्रवारीही होतो." त्याने आजूबाजूला पाहिलं. "एक सांगू? हसू नका. शुक्रवारी दिवे लागायच्या सुमाराला मी थंडीपासून इंजिन झाकायला बाहेर आलो. त्याच्या गाडीत मागच्या सीटवर ठिणगी दिसली, लाल. आत धूरच धूर. म्हटलं, सापडला ग्रोवर. जाऊन काचेला नाक लावलं."

"मग?"

"काळी काच, त्यात धूर, नीट दिसेना. पण माणसाचं डोकं जिथे असायला हवं तिथे काही नव्हतं. ठिणगी खाली होती, बसणाऱ्याच्या पोटाच्या उंचीला. आणि हलत नव्हती."

"पोर बसलं असेल कोणाचं."

"पोर असेल तर फार शहाणं पोर. पाच मिनिटं उभा होतो, इकडचं तिकडे झालं नाही. मी छातीवर क्रूस काढला आणि घरात गेलो."

"हे ग्रोवरला का नाही सांगितलंस?"

"सांगून? म्हणाले असते, पोमाला फेरा हवाय म्हणून भुतं दिसायला लागली."

ते खरंच होतं. पण खरं वाटेल असं बोलणारे खोटारडेही तिने पाहिले होते. निकासिया तिथून निघाली तेव्हा तिच्याकडे एक चोर होता, आणि त्याला डोकंच नव्हतं.

४

गुरुवारी पालकसभेची अध्यक्ष हिमेना स्वतःच आली. उंच टाचा, इस्त्रीचा कोट, आणि ओठांवर थोटकावर होता तसाच लाल रंग.

"गाडीचा अहवाल मला लेखी हवा," ती म्हणाली. "वास सिगरेटचाच आहे ना?"

"सिगरेटचाच. तुम्ही बसता का कधी त्या गाडीत?"

"दर मंगळवारी. पोरांवर लक्ष ठेवायला एक पालक मागे बसतो, मंगळवारी माझी पाळी." मग तिच्या लक्षात आलं. "तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"मी सगळ्यांवर घेते, बाईसाहेब. तुम्हाला एकटीला वगळलं तर तुमचाच अपमान."

हिमेनाने कपाळाला आठ्या घातल्या, पण गेली नाही. निकासियाने कागदाचा रुमाल पुढे केला.

"ओठ टिपा यावर. तुमचं नाव निघालं तर लेखी देईन, नाही निघालं तरी लेखी देईन."

हिमेनाने तो हिसकावून घेतला, टिपला आणि टेबलावर आपटला. निकासियाने त्यावर स्वयंपाकाच्या तेलाचा एक थेंब सोडला. लिपस्टिक मेणचट असते. सीटच्या कापडावरून ती काढायची तर आधी तेल लागतं, हे तिच्या हातांना पाठ होतं. लाल रंग तेलात विरघळून पसरला. दुसरा थेंब तिने थोटकाच्या टोकावर सोडला आणि काडीने घासलं.

काही झालं नाही. रंग जसाच्या तसा.

मग तिने नखाने खरवडलं. रंगाचा कोरडा पापुद्रा सुटून पांढऱ्या फडक्यावर पडला, आणि त्याच्या पाठीला चुन्यासारखी पांढरी भुकटी चिकटलेली होती.

"हे काय?" हिमेनाने विचारलं. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"भिंतीला किंवा लाकडाला लावतात तसला रंग. खाली प्लास्टर." निकासियाने भुकटी बोटांत चुरडून पाहिली. "तुम्ही सुटलात, बाईसाहेब. बाकीच्या बायकाही सुटल्या. या सिगरेटला ओठ लागले होते, पण ते जिवंत माणसाचे नव्हते."

५

शुक्रवारी दुपारी ती ग्रोवरच्या घरी गेली. योवाना पलंगावर पोराचे स्वेटर रचत होती. थियागो अडीच वर्षांचा, तोंडाला वाफेचं यंत्र लावून आजोबांच्या मांडीवर बसला होता. आजोबा म्हणजे योवानाचे वडील, दॉन सेनोन. एका हाताने मुखवटा धरून दुसऱ्या हाताने ते उकडलेले शेंगदाणे नातवासाठी सोलून ठेवत होते.

"बसा, दोन्या," सेनोन म्हणाले. "सूप आहे थोडं."

"बसते. सूप नको."

"इतक्या वर आलात आणि सूप नको कसं? योवाना, वाढ."

निकासिया सूप पीत खोली बघत राहिली. पाहुणचार घेताना संशय घ्यायला तिला कधी लाज वाटली नव्हती. दाराशेजारी खुंटीला गाडीची चावी. कोपऱ्यात एक फळी, आणि फळीवर वाटीएवढा गोल स्वच्छ ठसा, बाकी सगळीकडे धूळ. तिथे काहीतरी वर्षानुवर्षं उभं असणार. तिने नजर वर नेली. फळीच्या वर छतावर वीतभर रुंदीचा गोल तपकिरी डाग होता.

चमचा तिच्या हातात तसाच राहिला.

"इथे काय होतं?" तिने विचारलं.

"बाबांचा एकेको," योवाना म्हणाली. "आईने जत्रेतून आणून दिलेला. मिशीवाला प्लास्टरचा बुटका, अंगावर पोती, घर, नोटा, काय काय लटकवलेलं. दर मंगळवारी-शुक्रवारी त्याच्या तोंडात सिगरेट पेटवून द्यायचे, म्हणजे घराला काही कमी पडत नाही म्हणे. हिवाळ्यात डॉक्टरने सांगितलं, घरात धूर अजिबात नको. मी बाबांना म्हटलं, कोणाला तरी देऊन टाका. वियाचातल्या भाच्याला दिला त्यांनी."

"हो," सेनोन म्हणाले. "भाच्याला." त्यांनी मान वर केली नाही, आणि सोललेला दाणा पुन्हा सालांत टाकला.

निकासियाने स्वतःला मनात दोन शिव्या हासडल्या. मंगळवार-शुक्रवार, देवाधर्माचे वार. ती स्वतः दर शुक्रवारी दारात धूप घालत होती, आणि तरी तिच्या डोक्यात उजेड पडला नव्हता. पण पडणार तरी कसा? एकेको घरातच असतो. त्याला गाडीत बसवलेलं कोणी ऐकलंय?

"योवाना," दारात आल्यावर ती हळूच म्हणाली, "दिवे लागायच्या वेळी ग्रोवरला घेऊन आवारात ये. पोराला शेजारी ठेव. आणि बाबांना बोलू नकोस."

"का? कोण येणार आहे?"

"आलेला आहे तो," निकासिया म्हणाली. "महिन्याभरापासून."

६

पोमाच्या व्हॅनमध्ये चौघं दाटीवाटीने बसले होते. पोमाला कोणी बोलावलं नव्हतं, पण गाडी त्याची होती. वारा पत्रे वाजवत होता.

सव्वासहाला सेनोन आले. काखेत बटाट्याचं पोतं होतं, तान्ह्या पोरासारखं सांभाळून धरलेलं. त्यांनी व्हॅनचं दार उघडलं, आत गेले आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने काळ्या काचेमागे काडी पेटली, विझली, आणि लाल ठिणगी तेवढी उरली.

"तीच," पोमा पुटपुटला. "बघा, मी खोटं बोललो नव्हतो."

योवाना उतरून चालू लागली होती. तिने दार सरकवलं आणि धूर सगळ्यांच्या तोंडावर आला.

सेनोन टोपी काढून मधल्या सीटवर बसले होते. शेवटच्या सीटवर एकेको होता, लाल ओठांत सिगरेट, दोन्ही हात पसरलेले. पडू नये म्हणून त्याला गाडीचा पट्टा लावलेला होता.

"बाबा," योवाना म्हणाली.

"अर्धी झालीय," म्हातारा म्हणाला. "एवढी संपू दे. मधेच विझवली तर तो रागावतो."

 ग्रोवरने हात पुढे करून ती सिगरेट काढली आणि बुटाखाली चिरडली.

"भाच्याला द्यायला स्टेशनपर्यंत गेलो होतो," सेनोन म्हणाले. "नाही देववला. तुझ्या आईने दिलेला आहे. आणि तो घरातून गेल्यापासून थियागोची छाती जास्तच भरायला लागली, तूच बघ. म्हटलं, चोरून का होईना, त्याला त्याचं द्यायचं. बाहेर वाऱ्यात सिगरेट टिकत नाही. रात्री गाडीत कोणी पोर नसतं. धूर सकाळपर्यंत निघून जाईल असं वाटलं."

"आणि मला दोष लागला तेव्हा?" ग्रोवरने विचारलं. "ती मुलगी दवाखान्यात गेली तेव्हा?"

"तेव्हापासून दोन देतो." म्हाताऱ्याने जावयाकडे पाहिलं. "एक थियागोच्या श्वासासाठी. दुसरी तुझा फेरा जाऊ नये म्हणून."

पोमा हसणार होता, पण निकासियाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तोंड मिटलं. तीन दिवस ती कोणा हलकटाच्या मागावर होती आणि सापडला हा. फेरा जितका धोक्यात आला तितका म्हाताऱ्याने धूर वाढवला, आणि धूर वाढला तितका फेरा धोक्यात आला. एवढं प्रेम करून माणूस कोणाचं वाटोळं करू शकतो, हे तिने धंद्यात कधी पाहिलं नव्हतं.

"उद्या सभेत मी सांगतो," सेनोन म्हणाले. "माझ्या तोंडाने."

७

त्यांनी सांगितलं. टोपी छातीशी धरून, अब्रिलच्या आईसमोर उभं राहून सगळं सांगितलं. अब्रिलची आई रडली, मग चिडली, आणि मग म्हणाली की तिच्या सासरीही असाच एक म्हातारा आहे. हिमेनाने निकासियाचा लेखी अहवाल वाचून दाखवला. ग्रोवरचा फेरा कायम राहिला. पोमानेसुद्धा हात वर केला, जरा उशिरा.

दोन वाजता व्हॅन निकासियाच्या दारात उभी होती. ग्रोवर खाली उतरून हात चोळत हसत होता. महिन्याभरात तिने त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"झालं, दोन्या. आता माझ्यावर कोणाचा संशय नाही."

योवाना पोराला कडेवर घेऊन उभी होती. तीनच्या बसची पिशवी अजून तिच्या खांद्याला होती, आणि निकासियाची नजर त्या पिशवीवर खिळली.

"माझा कधीच नव्हता," योवाना म्हणाली.

ग्रोवर वळला.

"तू झोपलास की मी तुझं तोंड हुंगायचे. रोज. बोटंही हुंगायचे. कधीच वास आला नाही, नुसता जाकिटाला यायचा. तू ओढत नाहीस हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"मग एवढं सगळं कशाला बोललीस?"

"तीनदा तुला म्हटलं, थियागोला ही उंचावरची हवा सोसत नाही, खाली जाऊ या. डॉक्टरही तेच म्हणाला. तू तिन्ही वेळा म्हणालास, फेरा आहे, फेरा सोडून कसं जायचं." तिचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. "मला जायला कारण हवं होतं. तुझा दोष सापडला तर बरं होईल असं वाटायला लागलं. लाल रंग दिसला तेव्हा मला वाईटसुद्धा वाटलं नाही रे. सुटल्यासारखं वाटलं."

निकासिया सोड्याचा डबा हातात धरून उभी राहिली. एवढ्या सगळ्यांवर संशय घेतला, आणि हिच्यावर घ्यायचा राहूनच गेला होता. तिला स्वतःचाच राग आला, आणि या पोरीची दयाही.

थियागो खोकला. बापाने त्याला तिच्या कडेवरून घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि तो शांत होईपर्यंत फिरवतच राहिला. छाती आतून शिट्टीसारखी वाजत होती. ती सगळ्यांनाच ऐकू येत होती.

"दोन्या," ग्रोवर निकासियाकडे वळून म्हणाला, "पोमाला फोन करून सांगा, सोमवारपासून फेरा तू घे म्हणावं. आणि आज सीटा पुन्हा एकदा काढा. पट्टे, छत, सगळं नीट धुवा. कोचाबांबापर्यंत आठ तासांचा रस्ता आहे, आणि हा आत बसणार आहे."